चूप बसलेला वर्ग

तायडे मॅडमच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात आला की आमच्या नववी ‘ब’मधल्या मुलींच्या पाठी आपोआप ताठ व्हायच्या. बार्शीटाकळीच्या आमच्या शाळेत त्यांनी छडी कधी हातात धरली नाही. नुसत्या बघायच्या. हजेरीत कुणी गैरहजर दिसली, की पहिला तास संपायच्या आत तिच्या घरी फोन. “पोरगी शाळेत नाई, तं मंग कुटं हाय? मले आत्ता सांगा.” शिस्त बघावी तर तायडे मॅडमच्या वर्गात, असं बाकीचे शिक्षक म्हणायचे. गणिताच्या तासाला पंखा तेवढा कुरकुरायचा.

मला त्यांची फार भीती वाटायची. अवयव पाडणं मला पहिल्याच दिवशी कळलं नव्हतं. “समजलं?” त्या विचारायच्या. “हो मॅडम,” सगळ्या एका सुरात म्हणायच्या, त्यात मीही. मग फळ्यावरचं सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचे. “वही अशी पायजे,” असं त्या माझी वही दाखवून म्हणाल्या, तेव्हा तर मी आणखीच घाबरले. आता कुठल्या तोंडाने विचारणार?

सहामाहीत मला चाळीसपैकी सात गुण पडले. पेपर हातात देताना त्या रागावल्या नाहीत. “उद्या बाबाले घेऊन ये,” एवढंच म्हणाल्या.

घरी मी हे सांगितलंच नाही. सकाळी शाळेचा गणवेश घालून निघाले आणि अकोल्याच्या एसटीत बसले. बडनेऱ्याला मावशी राहायची. तिच्याकडे जायचं, पुढचं काही ठरवलं नव्हतं. पण अकोल्याच्या रेल्वे स्टेशनवर तिकीट काढायचाही धीर होईना. ‘एकटीच का?’ असं खिडकीतल्या माणसाने विचारलं तर? फलाटावरच्या बाकावर बसून राहिले. गाडी धडधडत आली की मी बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरायचे.

दुपारी मॅडम समोर उभ्या राहिल्या. केस विस्कटलेले, चेहरा घामाने भिजलेला. मी मावशीकडे निघाले असेन, असं आईने सांगितल्यावर त्या स्कूटी घेऊन अकोल्याला आल्या होत्या. आता मारतील म्हणून मी डोळे मिटले. त्यांनी आधी आईला फोन करून “सापडली वो, बरी हाय” म्हटलं, आणि शेजारी बसल्या.

“काहून पळाली?”

“तुम्हाला भिऊन.”

त्यांनी चेहऱ्यावरचा घाम पुसला. मग म्हणाल्या, “मले वाटे, तुमी चुप बसता म्हंजे तुमाले समजून राहिलं.”

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी माझं नाव घेतलं नाही. “काल माह्याकून मोठी चूक झाली,” म्हणाल्या, “आता रोज दोघींनी तरी ‘मले समजलं नाई’ म्हनून सांगाचं. नाई सांगितलं तं धडा पुढं जानार नाई.” पहिले दोन दिवस कुणी बोललं नाही, आणि धडा खरंच पुढे गेला नाही. तिसऱ्या दिवशी माझा हात वर गेला. त्यांनी अवयव पहिल्यापासून शिकवले. नंतर वर्गात गलका वाढला, मुख्याध्यापकांनी दोनदा समज दिली. हजेरी आणि फोन मात्र पूर्वीसारखेच कडक राहिले. दहावीला मी गणितात पास झाले, चांगल्या गुणांनी.

गेल्या वर्षी अंजनगाव सुर्जीच्या एका शाळेत मला नोकरी लागली. निवृत्त झालेल्या मॅडमना सांगायला गेले. चहा झाल्यावर त्या अचानक म्हणाल्या, “त्या दिवशी स्टेशनवर यायच्या आंधी मी कुटं गेलती, तुले ठाव नाई.”

“कुठे?”

“शाळेमांगच्या विहिरीवर. काठापाशी गेली, पन खाली पाहाची हिंमत होये ना. डोये मिटून तुले हाका मारल्या.”

त्यांनी कप खाली ठेवला. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.