दाऊदभाईंचे दोन डबे

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. मशिदीत रोज शेजारी बसणाऱ्याला नाही, पोरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — आणि सांगायचं तर आधी डायबद्दल बोलावं लागेल. कंटाळा येईल कदाचित, पण त्याशिवाय माझं काय चुकलं ते कळायचं नाही.

मी टर्नर, श्रीवर्धनकडचा. रियाधबाहेर आमच्या कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा इकामा, तिथं राहण्याचा परवाना, त्या मालकाचं, वर्कशॉप होतं. त्याला नेमबाजीचा नाद. साधासुधा नाही — लांबच्या कागदावर पहिल्या गोळीच्याच भोकातून दुसरी जावी, असा. बाजारची काडतुसं त्याला पसंत पडत नसत. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आम्ही साफ करायचो, डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मापात आणायचो आणि पुन्हा भरायचो. आम्ही म्हणजे मी आणि दाऊदभाई. ते माझ्याच गावचे, वयाने मोठे. माझा व्हिसा त्यांनीच करून दिला होता. कॅम्पमध्ये पहिले काही महिने त्यांच्याच ताटात जेवलो.

नवी डाय मागवायची वेळ आली तेव्हा कफीलने मला विचारलं. दोन प्रकार होते. एक डाय पुंगळीची नुसती मान दाबते; पोट झाडताना ज्या रायफलीत फुगलं तिच्याच मापाचं राहतं, त्यामुळे त्या रायफलीत ती शिवून घेतलेल्या सदऱ्यासारखी बसते. दुसरी डाय सगळी पुंगळीच दाबून मूळ मापावर आणते. ती त्या जातीच्या कुठल्याही रायफलीत जाते. मी मानेची सांगितली, वर अचूकपणावर भाषणही ठोकलं. दाऊदभाईंनी मला बाजूला घेतलं. "अरे, उद्या दुसरी रायफल आली तं काय करशील? पुरी दाबणारी घे." मी हसलो. टर्नर मी की ते?

मग आखातातलं युद्ध आलं. कफीलचा भाऊ राहायचा ते खफजी गाव सरहद्दीला लागून, म्हणून तो तिथून बायकापोरांसकट रियाधला आला. येताना आपली रायफल घेऊन आला — त्याच जातीची, पण पोटात जरा घट्ट. कफीलच्या पुंगळ्या तिच्यात जाईनात. नवी डाय त्या दिवसांत मागवणार कुठून? दाऊदभाईंनी मला एका शब्दाने टोचलं नाही. त्यांनी गुपचूप दोन डबे केले. कफीलच्या पुंगळ्या दूध पावडरच्या डब्यात, भावाच्या, त्याच्याच रायफलीत झाडलेल्या, बिस्किटांच्या.

एकदा दाऊदभाई नमाजाला गेले होते. दोन्ही डबे बाकड्यावर उघडे, मी एकटा. सायरन वाजला आणि माझी पाचावर धारण बसली. गॅसचा मास्क ओढताना कोपर लागलं — दोन्ही डबे जमिनीवर. सगळं शांत झाल्यावर परत आलो तर पुंगळ्या एकमेकींत मिसळलेल्या, दिसायला सारख्याच. मापून वेगळ्या करता आल्या नसत्या का? आल्या असत्या. मायक्रोमीटर हाताशी होता. पण मापायला बसलो असतो तर दाऊदभाईंनी विचारलं असतं, आणि मग सांगावं लागलं असतं की दुसरी डाय घेतली असती तर मापायची वेळच आली नसती. तेवढंही मला जड झालं. अंदाजाने दोन्ही डबे भरले आणि झाकणं लावली.

पुढच्या शुक्रवारी पाहुण्यांसमोर भावाच्या रायफलीत काडतूस अडकलं. ना आत, ना बाहेर. इजा कुणाला झाली नाही, पण पाहुणे हसले. भावाचा चेहरा पाहवत नव्हता. कफीलने आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि विचारलं, पुंगळ्या कुणी मिसळल्या?

मी म्हणालो, "डबे दाऊदभाई सांभाळतात."

एवढंच. शब्द न शब्द खरा — कुणी कुराणावर हात ठेवायला सांगितलं असतं तरी ठेवला असता. यापेक्षा सरळ खोटं बोलणं बरं नव्हतं का?

दाऊदभाई गोंधळले. आधी म्हणाले, मी तर वेगळे ठेवतो. मग डब्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, माझ्याच हातून झालं असेल, सायरनच्या गडबडीत. कफील म्हणाला, खलास. आठवड्याच्या आत त्यांना कायमचं घरी धाडलं. मी त्यांची बॅग बांधायला मदत केली. ती बांधतानाही बोलता आलं असतं.

आणि मला हे ठाऊक होतं — हेच खरं सांगायचं आहे — की त्या वर्षी त्यांची आई हजला यायची होती. विधवा बाई, एकुलता मुलगा. बाईला सोबत महरम लागतो, नात्यातला पुरुष, आणि तिचा महरम म्हणजे दाऊदभाई. कफीलने रजा कबूल केली होती. चाकाच्या खुर्चीची चौकशीही त्यांनी करून ठेवली होती. गावाहून दोघांनी निघायचं म्हणजे त्यांच्या आवाक्याबाहेरचं. म्हातारी वाट बघत बघत गेली.

मी नोकरी पुरी करून परतलो, आणि काही वर्षांनी बायकोला घेऊन हजला निघालो. आमच्यात निघण्याआधी घरोघर जाऊन कहासुना माफ करून घ्यायचं असतं. दाऊदभाईंकडेही गेलो. दारातून माघारी फिरावंसं वाटलं होतं. पण इतर घरी म्हटलं तेच म्हटलं — काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा. कशाची माफी, ते सांगितलं नाही. त्यांनी मला छातीशी धरलं.

"तुझं कसलं रे चुकायला? सगळं माफ. तिथं गेलास की माझ्या आयेच्या नावानं दुआ कर."

ती दुआ मी केली. काब्यासमोर उभा राहून, तिचं नाव घेऊन.

आता गावात मला सगळे हाजीसाहेब म्हणतात. दाऊदभाईही म्हणतात, आणि मी ओ देतो.