बाजार आला

माझ्या सासूबाईंना प्रश्न पडतात. बीडकडच्या गावाहून त्या चाकणला आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हापासून रोज एक तरी. रिकाम्या ट्रकचं एखादं चाक अधांतरी कामून असतं? मध्ये हात घातला की लिफ्टचं दार परत कसं उघडतं? एवढी टोचते, तर पिनेला सेफ्टी कोण म्हणालं? नवरा ऐकून न ऐकल्यासारखं करतो, म्हणून सगळं माझ्या गळ्यात येतं. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. मिरवता येतं ना! उत्तर येत नसलं की कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर शोधायचं आणि घरी येऊन जन्मापासून माहीत असल्यासारखं सांगायचं.

आमची चाळ कांदा बाजाराच्या मागे आहे. पावसाळ्यात टाकून दिलेला कांदा सडतो आणि वारा फिरला की वास थेट घरात. त्याला चाळीत ‘बाजार आला’ म्हणतात. बाजार आला की खिडक्या लावायच्या, दाराच्या फटीला आतून पोतं सारायचं आणि घरात धूप लावायचा. नवीन भाडेकरू आला की नळाच्या वेळेसोबत त्याला हेही सांगितलं जातं.

त्या सकाळी मी पहिल्या शिफ्टला निघाले तेव्हा बाजार आलेलाच होता. नवरा आधीच भोसरीला गेला होता. सासूबाईंनी नाकाला पदर लावला होता, पण तोंड मोकळं होतं.

“काल नवं सिलिंडर बसवलं तव्हा तो माणूस वाकून काय हुंगत व्हता गं? गॅसला कशाचा वास असतो?”

“संध्याकाळी सांगते, आई. बस चुकेल.”

खिडकी ओढून घेतली आणि मी पळाले.

दुपारी कँटीनमध्ये ताट पुढे घेऊन मोबाइल काढला. गॅसला स्वतःचा वास नसतो, म्हणे. गळला तर माणसाला कळावं म्हणून त्यात मुद्दाम दुसरा वास मिसळतात. वा, आज सासूबाई खूश होणार, असं म्हणत मी वरणभात कालवला. पुढच्या ओळीत लिहिलं होतं की हा वास सडक्या कोबीसारखा किंवा सडक्या कांद्यासारखा येतो.

घास हातातच राहिला. सकाळी वारा होता का? दोरीवरचे कपडे आठवून पाहिले. ते सरळ लोंबत होते.

सासूबाई सकाळी कालचीच भाकरी खातात, गॅस पेटवत नाहीत, आणि दुपारी झोपतात. उठल्या की बाजाराच्या दिवशी आधी धूप लावतात, मग चहा ठेवतात. मी फोन लावायला घेतला आणि तसाच खाली ठेवला. खिडकी बंद असली की खोलीत अंधार असतो. फोन वाजला की शोधायला त्या आधी दिवा लावणार. बटणाच्या ठिणगीनंही भडका उडतो, हे मला माहीत होतं. शेजारी फोन करावा, तर सगळी चाळ पहिल्या शिफ्टला. एकाही खोलीत माणूस नव्हतं.

“ओव्हरटाइम चुकवायला गॅसचं कारण पहिल्यांदाच ऐकतोय, ताई,” लाइनवरचा साहेब हसला. मग माझ्याकडे नीट बघून त्यानं गेटपास दिला.

रिक्षा चौकात कंटेनरच्या मागे अडकली. मी सारखी चाळीच्या बाजूला आभाळात बघत होते. धूर दिसत नव्हता, पण त्यानं धीर येत नव्हता. तो कधीही दिसला असता. मला सासूबाईंचा इतका राग आला! ही बाई एक दिवस धूप लावायची विसरत का नाही!

चाळीत शुकशुकाट होता. दार नुसतं लोटलेलं होतं, पण आतून पोत्यानं अडत होतं. खांद्यानं ढकललं तेव्हा वास अंगावर आला. आत काळोख.

“कोण? आलीस व्हय? बटण दाब गं, काही दिसना.”

“आई, कशालाच हात लावू नका!”

चाचपडत रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली आणि त्यांना दंडाला धरून ओढतच अंगणात आणलं.

“अगं, पदर फाटंल! डोकं आधीच जड झालंय,” त्या चिडल्या. एका मुठीत त्यांनी काहीतरी घट्ट धरलं होतं. मूठ उघडली तर काडेपेटी. “धूप लावावा म्हणलं, लईच बाजार आलाय आज. पर पावसानं सादळल्यात काड्या. अर्धी पेटी घासली, एक बी पेटना.”

त्यांनी पेटी माझ्यापुढे धरली.

“तुझ्या हातानं पेटती का, बघ बरं.”

मी पेटी घेतली आणि तिथेच चिखलात बसले.