चार मुलांची टिकली

मार्चचा शेवटचा रविवार, रक्कम महिना तीन हजार. हजर: संस्थेच्या सचिव ताई, खुणांच्या भाषेत शिकवणाऱ्या बाई, नऊ आया आणि मी. गढा वस्तीतल्या आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात ऐकू न येणारी चार मुलं होती. त्यांच्या बाईंचं मानधन एप्रिलपासून चालू ठेवायचं की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं.

वर्षाचा आढावा मांडायचं काम माझं. आधीच्या वर्षी मी कॉम्प्युटरवर काढलेले आलेखाचे उभे खांब दाखवले होते. आया खांबांकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. म्हणून यंदा पांढऱ्या फडक्यावर टिकल्या चिकटवल्या. घरात बायकोच्या पाकिटात पंधराच टिकल्या उरल्या होत्या, म्हणून पाच नियमित मुलांना एक टिकली असा हिशोब धरला. पाचापेक्षा कमी उरले ते सोडून दिले. मोठ्यांच्या वर्गात पस्तीस मुलं, सात टिकल्या. लहानांच्या वर्गात चोवीस, चार टिकल्या. खुणांच्या वर्गाची ओळ कोरी.

ताईंनी चष्मा वर केला. "इथे तर काहीच नाही. मग मानधन कशाचं द्यायचं?"

चौघांपैकी एका मुलीची आई बोलली.

"भाऊ, माझी पोरगी रोज येऊन राहिली. तापात बी आली. मग ती इथं काहून नाही?"

"एक टिकली म्हणजे पाच मुलं," मी समजावलं. "चारांची टिकली होत नाही."

"अच्छा! म्हणजे तुमच्या घरी चार पोळ्या केल्या तर ताट रिकामं म्हणता काय?"

सगळ्या हसल्या. ताईसुद्धा. मला हसू आलं नाही, कारण मी मनात बेरीज करत होतो. त्रेसष्टपैकी आठ मुलं मी फडक्यावरून काढून टाकली होती, आणि खुणांचा वर्ग तर अख्खाच.

"एका मुलाला एक टिकली लावू," मी म्हणालो. "पण टिकल्या नाहीत."

तीच आई उठली, समोरच्या दुकानातून चार पाकिटं घेऊन आली. मी जुन्या टिकल्या काढल्या. आयांनी आपापल्या मुलांच्या टिकल्या स्वतः लावल्या, न आलेल्यांच्या मी हजेरीपट बघून लावल्या. शेवटी ताईंनी बोट ठेवून आधी कोरी असलेली ओळ मोजली. चार. मग हजेरीपट मागून घेतला आणि त्या चौघांचे दिवस पाहिले. चौघांचीही हजेरी मोठ्यांच्या वर्गापेक्षा चांगली होती.

"हे आधीच दिसायला हवं होतं," त्या मला म्हणाल्या.

"हो. चूक माझी."

मानधन चालू राहिलं. एप्रिलचे तीन हजार बाईंना मिळाले. टिकल्यांचे चाळीस रुपये मी त्या आईला माझ्या खिशातून दिले.