आईच्या बोटांसाठी नक्षी

दुपारी अणदूर पेंगतं. खंडोबाच्या देवळाकडचा रस्तासुद्धा ओस पडतो. त्या वेळी मी खिडकीशी पॉलिमर क्ले मळत बसते. रंगीत, मेणासारखी मऊ माती. छोट्या ओव्हनमध्ये भाजली की टणक होते आणि तिची कानातली, पेंडंट होतात. निळ्या-पांढऱ्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून अळूवडीसारखी गुंडाळी करायची आणि पातळ कापायची. प्रत्येक चकतीत तेच वळण निघतं. कितीदाही कापलं तरी मला स्वप्नात असल्यासारखंच वाटतं.

पूर्वी आई शेजारी बसायची, चकती उजेडात धरायची आणि खोट काढायची. "हितं रंग फाटलाय." "ह्यो काठ वाकडा हाय." मी जाम चिडायचे. एकदा तर म्हणाले, तूच कर मग!

काचबिंदूनं तिची नजर गेली आणि ती नक्षीबद्दल बोलेनाशी झाली. चकती हातात दिली की गुळगुळीत अंगावरून बोट फिरवून म्हणायची, "छान हाय गं." परक्या घरच्या चहाला म्हणावं तसं. मला ते ऐकवत नसे. मला माझी खोट काढणारी आई हवी होती.

मग मी बोटांना कळेल अशी नक्षी शोधायला लागले. कच्च्या मातीवर ज्वारीचं कणीस दाबलं, लेसची पट्टी दाबली, कडुनिंबाचं पान दाबून अलगद सोलून काढलं. शीर न् शीर उमटली. खिडकीतलं ऊन त्या शिरांमध्ये साचायचं आणि मी हातातलं काम विसरून बघत राहायचे. एकेक नग आईला नेऊन द्यायचे.

"छान हाय." परत तेच.

परवा ओव्हन निवल्यावर पानाचं पेंडंट तिच्या तळहातावर ठेवलं. तिचं बोट देठापासून टोकापर्यंत सावकाश गेलं, परत आलं आणि कडेला घुटमळलं. कपाळाला आठी पडली.

"हे काय गं? बोट उमटलंय तुझं. भाकरीवर उमटतं तसलं. एवढं नाजूक पान केलंस आन् कड तशीच सोडलीस व्हय? लई घाई असती तुला."

मला रडूच फुटलं. ते तिला कळू नये म्हणून मी घाईघाईनं विचारलं, "अजून काय चुकलंय, आई?"

ती सरसावून बसली. "थांब, बघू दे."