म्हणीवर म्हण

माझ्या सासरी म्हण म्हणजे निकाल. तळेगावच्या आमच्या घरात मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, म्हण टाकली की ते दुपट्टा खांद्यावर घेऊन उठायचे आणि बोलणं तिथंच संपायचं. नवऱ्यानं वांग्याचं वेगळं वाण लावू म्हटलं, तर "अती शहाणा त्याचा बैल रिकामा". संपला विषय. मी गिरडकडची. आमच्याकडे रोपं लावताना आई एक म्हण टाकायची, समोरची बाई तिच्यावर दुसरी टाकायची आणि सगळ्या जणी हसायच्या. म्हण ऐकून गप्प बसायचं असतं, हे मला लग्नानंतर कळलं. पटलं मात्र अजून नाही.

दोन वर्षांपूर्वी थंडीत नवरा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरला आणि त्याच्या पायाला प्लास्टर लागलं. मेथी उपटून झाली होती, जुड्या ओल्या पोत्याखाली होत्या, आणि सांगून ठेवलेला ड्रायव्हर सकाळी आलाच नाही. मेथी कोणासाठी थांबत नाही. दुपारपर्यंत ती पिवळी पडली असती आणि आमची सगळी मेहनत उकिरड्यावर गेली असती. मालवाहू ऑटो अंगणात उभा होता. तो मला चालवता येत होता, भावानं शिकवला होता. मी चावी मागितली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मामाजी म्हणाले. "बाई गाडी घेऊन निंगाली, तं अख्ख्या गावाले समजन का आपल्या घरचं कसं होऊन राह्यलं." आणि ते उठलेच.

थोडी माहेरची सवय आणि बराचसा राग, खोटं कशाला सांगू.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटाचं राह्यत नाई, मामाजी. गावानं ह्यायचं प्लास्टर पाह्यलं. आता सडलेली मेथी बी दाखवाची काय?"

सून उलटून म्हण टाकते, हे त्या घरात कधी झालं नव्हतं. नवऱ्यानं उशीखालून चावी काढून माझ्या हातात दिली.

चौकातल्या लोकांनी माना वळवून पाहिलं. गिअर दोनदा अडकला, तरी मी आर्वीला लिलावाआधी पोचले. मेथी हिरवीगार उतरली. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

संध्याकाळी मामाजी माझ्याशी बोलले नाहीत. लेकी बोले सुने लागे, तसं मला ऐकू जाईल अशा आवाजात ते सासूबाईंना म्हणाले, "आपल्या घरी असं कधी झालं नाई."

सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "होऊ कुठी देलं तुमी? चाळीस वर्सं झाले, मी म्हणून राह्यली, मले बी बाजारात बसू द्या. उद्या मी इच्यासंग जाऊन राह्यली."

मामाजी दुपट्टा खांद्यावर घेऊन उठले, या वेळी म्हण न टाकताच. सकाळी मी कोथिंबीर घेऊन बाहेर आले, तर सासूबाई ऑटोत बसलेल्या होत्या.