पुस्तकांची उगवण

यंदाच्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, सेलू येथे आमच्या साडूंच्या मुलीला वाचता येत नाही असे आढळून आले. मुलीचे नाव मनू. ती तिसरीत आहे. तिच्या मालकीची एकतीस पुस्तके घरात होती आणि त्यांपैकी प्रत्येक पुस्तक तिने आल्यागेल्याला घडाघडा वाचून दाखवले होते.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मुलांचे पुस्तक निवडताना त्यांच्याइतका विचार करणारा बाप वर्धा जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी पूर्वीही म्हणत असे आणि आजही म्हणतो. सेलूच्या बाजारात त्यांचे बियाण्यांचे दुकान आहे. सोयाबीन पेरण्याआधी पोत्यातले शंभर दाणे मोजून काढायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि आठवड्याने उघडून किती उगवले ते पाहायचे, ही रीत ते गिऱ्हाईकाला, त्याने न विचारताही, सांगतात. सत्तर उगवले तर पोते पास, नाही तर परत. पोत्यावरच्या छापील अक्षरावर त्यांचा विश्वास नाही. खरे तर कशावरच नाही. नवा कूलर त्यांनी दुकानदाराच्या ओट्यावर दुपारभर चालवून, समोर खुर्ची टाकून, स्वतः झोपून पाहिला आणि झोप लागली म्हणून घेतला. लग्न ठरताना ही रीत लावता आली नाही याचे त्यांना अजून वाईट वाटते, असे माझी मेव्हणी सांगते.

मनू चार वर्षांची झाली तेव्हा त्यांनी हीच तपासणी पुस्तकांना लावली. महिन्यातून एकदा ते वर्ध्याला यायचे, सिंदी मेघेला आमच्याकडे चहा घ्यायचे आणि मला घेऊन पुस्तकांच्या दुकानात जायचे. नापास झालेले पुस्तक परत घ्यायचे, असा दुकानदाराशी त्यांचा करार होता. निवडलेले पुस्तक घरी नेले की संध्याकाळी दिवाबत्तीनंतर समोरच्या खोलीत सतरंजी पसरली जायची. त्यावर साडूंचे वडील आबाजी, मेव्हणी आणि मनू बसायची, आणि साडू उभे राहून सबंध पुस्तक वाचायचे. वाचायचे म्हणजे काय, ते व्हायचे. अस्वलाला त्यांनी खत कंपनीच्या विक्रेत्याचा आवाज दिला होता आणि कासवाला तलाठ्याचा. वाघ डरकाळी फोडायचा तेव्हा शेजारच्यांची म्हैस दावणीला हिसके द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला परीक्षा. कालच्या पुस्तकातले काय काय लक्षात राहिले, असे दहा प्रश्न ते प्रत्येकाला विचारायचे. दहापैकी सात गोष्टी घरादाराच्या डोक्यात उगवल्या तर पुस्तक पास. मग त्याला खाकी कव्हर चढायचे आणि ते मनूला मिळायचे.

नापास होणाऱ्यांची यादी मोठी आहे. एका पुस्तकातल्या सशाने काळ्या जमिनीत गाजर लावले आणि आठ दिवसांत उपटून खाल्ले. साडूंनी ते तिथेच मिटले. "आठ दिवसात काय येते, मुळी तरी धरते का? लेकराले काऊन खोटं सांगता!" एका पुस्तकातली मुलगी घरी न सांगता जंगलात जाते म्हणून मेव्हणीने हरकत घेतली. सर्वांत कडक परीक्षक आबाजी. त्यांना कमी ऐकू येते, पण ते मान्य नाही. सकाळी ते छातीठोकपणे सांगायचे, "वाघ मेला." वाघ शेवटच्या पानापर्यंत जिवंत आणि खुशाल होता. साडू म्हणाले, "बाबा, मेला नाई तो." आबाजी म्हणाले, "मंग मले काऊन वाईट वाटून राह्यलं?" पुस्तक परत गेले.

मनू मात्र प्रत्येक परीक्षेत पहिली. दहापैकी दहा. पास झालेले पुस्तक हाती आले की ती ओळीखाली बोट धरून सुरुवात करायची आणि शेवटच्या शब्दावरच थांबायची. अस्वल विक्रेत्यासारखे बोलायचे, कासव तलाठ्यासारखे. एका पुस्तकात सातव्या पानावर ती दर वेळी थांबून बारीकसे खोकायची. पहिल्या वाचनाच्या संध्याकाळी साडूंना त्या जागी ठसका लागला होता. तीस वर्षे वर्तमानपत्रात काम केलेला मी समोर बसून ते ऐकत होतो. मला गंमत वाटली. मी टाळ्या वाजवल्या.

तान्ह्या पोळ्याला मनू लाकडी बैल घेऊन आमच्याकडून बोजारा, म्हणजे बैलामागचा खाऊ आणि पैसे, घ्यायला पुढे आली, तेव्हा मी खाऊसोबत एक नवे पुस्तक तिच्या हातात ठेवले. मी म्हणालो, "वाच बरं दोन ओळी." तिने पुस्तक उघडले, चित्रे पाहिली, बोट ओळीखाली ठेवले आणि वर पाहिले.

"मावसाजी, हे अजून आपल्या घरी झालं नाई."

"झालं नाही म्हणजे?"

"बाबांनी केलं नाई. बाबांनी केलं का मंग मले येते."

साडू हसले. मग त्यांनी कपाटातून पास झालेले एक पुस्तक काढून मधलेच पान उघडले, चित्रावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "हे वाच." मनूने त्यांच्या हाताकडे पाहिले. "हात काढा ना, बाबा." त्यांनी हात काढला नाही. मनूचे बोट पहिल्या अक्षराखालीच राहिले. खोलीत आबाजी एकटेच बोलत होते, आणि ते पुरणपोळीबद्दल.

दुसऱ्या दिवशी साडूंनी दुकान उघडले नाही. त्यांनी त्या एकतीस पुस्तकांतले शंभर शब्द कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिले, सतरंजीवर ओळीने मांडले आणि मनूला एकेक विचारला. अकरा आले. त्यांत कव्हरवर लिहिलेले तिचे स्वतःचे नाव होते. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. आवाज कोणत्याच प्राण्याचा नव्हता.

"भाऊ, अकरा."

मी म्हणालो, लहान आहे, येईल.

"अकरा उगवलं तर मी पोतं वापस करतो. पोरीले कुठं वापस करू?" मग ते म्हणाले, "जो दाणा गोणपाटात उगवला तो काई पेराच्या कामाचा नाई राह्यत. फेकून द्या लागते. वीस वर्षं झाले, मी लोकाइले हेच सांगून राह्यलो."

शाळेतल्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, मनू धडा एकदा ऐकला की म्हणून दाखवते, त्यामुळे शंका आली नाही. आता रोज थोडे तिचे तिला वाचू द्या, घरात कोणी आधी वाचून दाखवू नका. या शेवटच्या सूचनेची साडूंनी दोनदा खात्री करून घेतली.

त्या दिवसापासून त्या घरात साडूंचे वाचन बंद आहे. आबाजींना कारण समजावून सांगितले, ते त्यांना ऐकू गेले नाही. दिवाबत्ती झाली की ते सवयीने सतरंजी पसरतात, भिंतीला टेकून बसतात आणि विचारतात, "आज वाघ नाई का?" शेजाऱ्यांनी दोन दिवस वाट पाहून साडूंची तब्येत विचारली. मेव्हणी मला म्हणाली, "भाऊजी, टीव्ही लावते म्या आता. एवढ्या शांततेत भाजी बी निवडवत नाई."

दिवाळीआधी एका रविवारी आम्ही सगळे वर्ध्याच्या दुकानात गेलो. साडू आत आले नाहीत. नजर पडली तर वाचल्याशिवाय राहवणार नाही, म्हणून ते रस्त्याच्या पलीकडे, पाठ करून उभे राहिले. मनूने बराच वेळ लावून एक पातळ पुस्तक निवडले. कव्हरवर सायकल होती. दुकानदाराने नेहमीप्रमाणे विचारले, "वापस येणार का?" मेव्हणी म्हणाली, "नाई."

ते पुस्तक मनू रोज संध्याकाळी सतरंजीवर बसून घरच्यांना वाचून दाखवते. एकेक अक्षर लावत जाते. एका ओळीला आबाजींची एक डुलकी होते. साडू समोर बसतात तेव्हा त्यांचे ओठ हलतात. मेव्हणी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवते. तेवढ्याने भागले नाही तर म्हणते, "जा तुम्ही, झाडाले पानी टाका." अंगणात एकच लिंबाचे झाड आहे. ते या दिवसांत पिवळे पडले आहे. जास्त पाण्याने पडते, असे साडूंनीच मला पूर्वी सांगितले होते.

पहिल्या आठवड्यात मनू 'विहिरी'वर अडली, रडली आणि पुस्तक घेऊन त्यांच्यामागे अंगणात गेली. "बाबा, तुम्हीच वाचा ना. एकडाव. मी कोणाले नाई सांगत." साडूंनी पाण्याचा पाइप खाली ठेवला, पुस्तकाकडे न पाहता तिला उचलले आणि आत आणून सतरंजीवर बसवले. "मले येत नाई ते पुस्तक," ते म्हणाले. "तूच सांगजो मले."

परवाच्या रविवारी मी सेलूला गेलो होतो. मनू चौथ्या पानावर होती. त्या पानावर सायकल विहिरीत पडते. पाचव्या पानावर काय आहे, हे त्या घरात अजून कोणालाही माहीत नाही.