तंबाखूच्या पानाचा डाग

साताऱ्याच्या ज्या वाचनालयात मी नोकरीला होते, तिथे एक कुलपाचं कपाट होतं. मिरजेकडच्या एका सरदार घराण्याने वाचनालयाला दिलेला जुना संग्रह त्यात ठेवलेला असे. शिळाछापाची पुस्तकं, रंगवलेली चित्रं, कुठल्या कुठल्या वादांची चोपडी. त्या घराण्याची एक रीत होती. कसर लागू नये म्हणून प्रत्येक चित्रासमोर तंबाखूचं सुकं पान ठेवायचं. कपाट उघडलं की शिंक ठरलेली. पानं पुढे भुगा होऊन गळून गेली, पण त्यांचे तपकिरी ठसे समोरासमोरच्या दोन्ही कागदांवर उतरले होते, देठ आणि शिरांसकट.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. घरात मिळवती मी एकटी, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. पुस्तकं पडताळताना एका पुस्तकातलं दसऱ्याच्या स्वारीचं चित्र गायब दिसलं. हत्ती, अंबारी, भालदार असं मोठं देखणं चित्र होतं. शिवणीलगत ब्लेडने कापून नेलेलं.

ते पुस्तक बाहेर काढायला लावणारा माणूस एकच होता. आमच्या कार्यकारिणीतले इतिहास संशोधक. कॉलेजातून निवृत्त झालेले, अंगात इस्त्रीचा कोट, खिशात भिंग. बैठकीत तेच आधी बोलले. "बाई प्रामाणिक आहेत, त्याबद्दल प्रश्न नाही. पण बायकांचं मन घराकडे असतं. चालायचंच." मला लेखी ताकीद मिळाली. पुन्हा काही हरवलं तर नोकरी जाईल, असंही ऐकवलं. मला वर्तमानपत्रांच्या टेबलावर बसवलं आणि कपाटाची किल्ली दिली कोणाला, तर त्यांनाच.

आमचा शिपाई चिडला. "आवं बाई, त्येंच्याबिगर त्या पुस्तकाला हात कुणी लावलाय? बोला की!"

"पुरावा आहे का तुमच्याकडे?"

"न्हाई. पर तुमी लय गप बसता."

"गप बसले नाही. थांबले आहे."

मला नुसतं निर्दोष ठरायचं नव्हतं. त्यांनी चार लोकांत मला खाली बघायला लावलं होतं. आता मी त्यांना चाळीस लोकांत खाली बघायला लावणार होते.

पुढच्या हिवाळ्यात सांगलीला जुन्या ग्रंथांचं आणि चित्रांचं प्रदर्शन ठरलं. निमंत्रणपत्रिकेत संशोधकांच्या 'खाजगी संग्रहातील दुर्मिळ चित्रे' होती. आमच्या वाचनालयानेही काही पुस्तकं मांडायची होती आणि कुणीतरी तिथे राखण करत बसायचं होतं. कुणी तयार होईना. मी जाते म्हटलं. संशोधक खूश झाले. "जा बाई, तेवढाच बदल." धुळीने त्यांचं नाक चोंदायचं, म्हणून पुस्तकं काढायला किल्ली माझ्या हातात ठेवून ते बाहेर जाऊन उभे राहिले. ठरलेली पुस्तकं मी ट्रंकेत भरली. तळाशी, धुवट पातळात गुंडाळून, ते कापलेलं पुस्तक ठेवलं. मिरजेच्या सरदारांना त्याच दिवशी कार्ड टाकलं: आपल्या घराण्याचा संग्रह सांगलीत मांडला आहे, आपण अवश्य यावे.

उंब्रजला एसटी चहाला थांबली. मी उतरले नाही. ट्रंकेवर पाय ठेवून बसून राहिले.

हॉलमध्ये संशोधकांची भिंत अगदी मध्यावर होती, आणि भिंतीच्या मध्यावर दसऱ्याची स्वारी. कडा चौकटीआड दडवून मढवलेली. पण हत्तीच्या डोक्यावरच्या आभाळात तंबाखूच्या पानाचा ठसा तसाच होता. तो काढायचा तर अंबारीच कापावी लागली असती. मला इतका आनंद झाला की मी आधी जाऊन पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सरदार आले. पिकल्या मिशांचे, हातात काठी, गालात तंबाखू. संशोधक त्यांना हौसेने आपली भिंत दाखवू लागले. गर्दी जमली तशी मी पुढे झाले.

"सर, ही स्वारी फार सुरेख आहे. कुठे मिळाली?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गर्दीकडे. "आजोबांच्या संग्रहातली. घरचीच आहे."

"घरचीच?"

"घरचीच म्हटलं ना, बाई!"

एवढंच हवं होतं. मी पुस्तक आणून सरदारांपुढे उघडलं. चित्राच्या जागी कापलेली पट्टी, आणि समोरच्या कोऱ्या कागदावर पानाचा ठसा. शेंडा दुमडलेला, एका बाजूला किड्याने कुरतडलेली कोयरीच्या आकाराची खाच. चौकटीतल्या आभाळात तोच शेंडा, तीच कोयरी, फक्त आरशात दिसावी तशी उलटी.

सरदार वाकून एकदा पुस्तकात, एकदा भिंतीवर बघत राहिले. मग म्हणाले, "तंबाखू तर आमची दिसत्ये. काय हो, तुमचे आजोबा आमच्या पुस्तकात बसून राहत होते का?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच.

"उतरवा," सरदार म्हणाले. चौकट संशोधकांनाच उतरवावी लागली. मी मदत केली नाही. चित्राचं पान पुस्तकातल्या शिवणीच्या पट्टीला लावून बघितलं. ब्लेडची नागमोडी ओळ बरोबर बसली.

नंतर पाण्याच्या माठापाशी त्यांनी मला गाठलं. "बाई, आधी एकटीने येऊन माझ्याशी बोलला असतात तर आपल्यातच मिटलं असतं."

"म्हणूनच बोलले नाही," मी म्हटलं.

प्रकृतीचं कारण देऊन त्यांनी कार्यकारिणी सोडली. ताकीद रद्द झाली, किल्ली माझ्याकडे आली. पान बाईंडरकडून चिकटवून घ्या, असं मला सांगण्यात आलं. चांगला बाईंडर मिळत नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले. पुस्तक काचेच्या कपाटात उघडं ठेवलं, सुटं पान वर, कापलेली कड बाहेर.

संशोधक रोज सकाळी वर्तमानपत्रं वाचायला येतच राहिले. सगळी वर्तमानपत्रं फुकट मिळण्याची गावात दुसरी जागा नव्हती. खिडकीपाशी त्यांची ठरलेली खुर्ची. काचेचं कपाट मी तिच्यासमोर आणवलं. आठवड्याभरात त्यांनी खुर्ची बदलून दाराशी नेली.

शिपायाने माझ्याकडे बघितलं. "आता वो, बाई?"

"दाराशी."

"लय जड हाय ह्ये."

"चला, एका बाजूने मी धरते."